दोन वर्षं कुठून मोजायची?

पुण्यात एलएलएम करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. अमेरिकेत शिक्षा झालेला कैदी म्हणतो, पुराव्याची डीएनए चाचणी करा. आणि न्यायालय म्हणतं, तुझा दावा मुदतबाह्य आहे. निर्दोष असण्यालाही मुदत असते का? टेक्सासात मृत्युदंड झालेल्या रॉडनी रीडच्या निकालात दावा लावायची ती दोन वर्षं नेमकी कुठून मोजली? आणि आपल्याकडे अशा माणसाने कुठे दाद मागायची?

मी सात वर्षं साताऱ्याला फौजदारी वकिली केली. गेली सोळा वर्षं टेक्सासात आहे आणि शिक्षा कायम झाल्यानंतरची प्रकरणं पाहते. त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या टेबलावरचा आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण पाठ्यपुस्तकात तो दोन ओळींत संपतो आणि खरा गुंता त्या दोन ओळींच्या मधेच असतो.

आधी हक्काचं बोलू. डीएनए चाचणीचा स्वतंत्र हक्क अमेरिकेच्या राज्यघटनेत नाही. अलास्कातल्या ऑस्बोर्न प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते स्पष्ट केलं. या नव्या विद्येला न्यायव्यवस्थेत कशी जागा द्यायची हे मुख्यतः विधिमंडळांनी ठरवावं, असं सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचं म्हणणं होतं. विधिमंडळांनी तोवर बरंच ठरवलंही होतं. न्यूयॉर्कने १९९४ साली पहिला कायदा केला. सगळ्यात शेवटी, २०१३ साली, ओक्लाहोमाने केला. टेक्सासचा कायदा २००१ सालचा. फौजदारी प्रक्रिया संहितेचं ते चौसष्टावं प्रकरण, म्हणून इथे सगळे त्याला 'चॅप्टर सिक्स्टीफोर' म्हणतात.

या कायद्याखाली कैदी ज्या न्यायालयात शिक्षा झाली तिथेच अर्ज करतो. पुरावा अजून शिल्लक आहे आणि तपासण्यासारख्या स्थितीत आहे, तो कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेला याची साखळी तुटलेली नाही, गुन्हेगाराची ओळख हा खटल्यातला वादाचा मुद्दा होता, चाचणीचा निकाल माझ्या बाजूने आला असता तर मला दोषी ठरवलं नसतं, आणि मी हे शिक्षा लांबवण्यासाठी मागत नाही, इतकं सगळं त्याने दाखवायचं. अर्जाला वर्षामहिन्यांची ठरावीक मुदत नाही. पण शेवटची अट पाहा. 'विनाकारण उशीर केलास' हे कारण तिच्यातून सहज निघतं आणि सरकार पक्ष ते हमखास काढतो.

अर्ज फेटाळला, राज्याच्या वरच्या न्यायालयानेही फेटाळला, मग पुढे काय? राज्यघटना चाचणी देत नसली, तरी राज्याने कायदा करून एकदा ती वाट दिली की त्या वाटेवरची प्रक्रिया न्याय्य असावी लागते. याला इथे ड्यू प्रोसेस म्हणतात. ती न्याय्य नव्हती असं म्हणत कैदी संघराज्याच्या न्यायालयात दिवाणी दावा लावू शकतो. हे दार २०११ साली स्किनर प्रकरणात उघडलं. हँक स्किनरची फाशी २०१० च्या मार्चमध्ये तासाभरावर आली असताना सर्वोच्च न्यायालयाने थांबवली होती. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी बहुमताचा निकाल लिहिला, की असा दावा कलम १९८३ खाली लावता येतो. हे कलम १८७१ सालच्या नागरी हक्क कायद्यातलं. दाव्यात 'मला सोडा' अशी मागणी नसते. 'मला ज्या रीतीने नाही म्हणालात ती रीत घटनेत बसत नाही' एवढीच तक्रार असते. विद्यार्थी इथे नेहमी गोंधळतात. सुटकेसाठीच्या हेबियस अर्जाला १९९६ पासून एक वर्षाची वेगळी मुदत आहे. ती इथे आणू नका.

स्किनरची पुढची हकिगतही सांगायला हवी. त्याची चाचणी झाली, पण तिच्या निकालांनी तो सुटला नाही. २०२३ साली तो कैदेतच वारला. चाचणी मागणारा प्रत्येक जण निर्दोष असतो असं मी कधीच म्हणत नाही. चाचणी केल्याशिवाय कोण निर्दोष आहे हे कळत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता मुदत. कलम १९८३ मध्ये मुदतीचा शब्दही नाही. म्हणून न्यायालयं ज्या त्या राज्यातल्या शारीरिक इजेच्या दाव्याची मुदत उसनी घेतात, म्हणजे गाडीने धडक दिली आणि पाय मोडला तर भरपाई मागायला जी मुदत असते ती. टेक्सासात ती दोन वर्षं आहे. टेनेसी आणि केंटकीत एकच वर्ष, मेन राज्यात सहा. गाऱ्हाणं तेच, घटना तीच, कलम तेच. पण कैदी कुठल्या राज्याच्या कोठडीत आहे त्यावर एक वर्ष की सहा वर्षं हे ठरतं. पूर्वी टेक्सासात तुरुंगात असणं ही कायद्याच्या दृष्टीने असमर्थता मानत आणि तेवढा काळ मुदतीतून वगळत. १९८७ मध्ये ती सवलत काढली. चाचणी मागणारे सगळेच तुरुंगात असतात, तेव्हा त्या दुरुस्तीचा भार कुणावर पडला हे वेगळं सांगायला नको.

मुदत किती हे राज्याचा कायदा सांगतो; कधी सुरू झाली हे मात्र संघराज्याचा कायदा ठरवतो. रीडचा सगळा खटला या एका वाक्यावर उभा होता.

रॉडनी रीडला १९९८ साली टेक्सासच्या बॅस्ट्रॉप काउंटीत मृत्युदंड झाला. १९९६ च्या एप्रिलमध्ये एकोणीस वर्षांच्या एका तरुणीचा पट्ट्याने गळा आवळून खून झाला होता. तिच्या शरीरावर रीडचं वीर्य सापडलं आणि सरकार पक्षाचा खटला त्यावर उभा राहिला. आमचे संमतीचे संबंध होते, खून मी केलेला नाही, असं तो तेव्हापासून सांगत आला आहे. ज्या पट्ट्याने गळा आवळला त्याची डीएनए चाचणी झालेली नव्हती. ज्याने तो पट्टा आवळला त्याचे हात त्याला घट्ट लागलेले असणार. म्हणून रीडने २०१४ साली पट्टा आणि इतर वस्तू तपासायची मागणी केली.

आता एक कागद घ्या आणि तारखा एकाखाली एक मांडा. मी माझ्या नव्या सहकाऱ्यांना पहिल्या दिवशी हेच करायला लावते. नोव्हेंबर २०१४, खालच्या न्यायालयाने अर्ज फेटाळला. एप्रिल २०१७, टेक्सासच्या फौजदारी अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. ऑक्टोबर २०१७, त्याच न्यायालयाने फेरसुनावणीचा अर्ज नाकारला. ऑगस्ट २०१९, रीडने संघराज्याच्या न्यायालयात दावा लावला.

मुदत खालच्या न्यायालयाच्या नकारापासून धरली तर ती नोव्हेंबर २०१६ ला संपते. अपिलाच्या निकालापासून धरली तर एप्रिल २०१९ ला, म्हणजे दावा चार महिने उशिरा. फेरसुनावणीच्या नकारापासून धरली तर ऑक्टोबर २०१९ पर्यंत मुदत आहे आणि दावा वेळेत आहे. कायदा तोच, दोन वर्षंही तीच. फक्त बोट कुठल्या तारखेवर ठेवायचं एवढाच फरक.

फिफ्थ सर्किटने, म्हणजे टेक्सास ज्याच्या कक्षेत येतं त्या संघराज्याच्या अपील न्यायालयाने, बोट पहिल्या तारखेवर ठेवलं. चाचणी नाकारली हे रीडला २०१४ मध्येच कळलं होतं, तेव्हा इजा तेव्हाच झाली, असा त्यांचा तर्क. पण त्या हिशेबाने मुदत नोव्हेंबर २०१६ ला संपते आणि राज्याच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाचा निर्णय तर त्यानंतर एप्रिल २०१७ ला आला. राज्याने अजून अखेरचं 'नाही' म्हटलंच नव्हतं, आणि त्या नकाराविरुद्ध जायची वेळ मात्र संपलेली. मी हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा तारखा दोनदा तपासल्या, कारण माझाच हिशेब चुकला असं मला वाटलं.

सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२३ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी हा हिशेब बदलला. निकाल न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी लिहिला. तो छोटा आहे, मुळातून वाचाच. गाभा असा: प्रक्रिया अन्यायाची होती अशी तक्रार असेल, तर चाचणी नाकारली त्या क्षणी ती तक्रार पूर्ण होत नाही. राज्याने न्याय्य प्रक्रिया दिली नाही हे ठरल्यावर ती पूर्ण होते, आणि टेक्सासच्या प्रक्रियेत अपील आणि फेरसुनावणी दोन्ही येतात. रीडचा आक्षेप तर त्या अपील न्यायालयाने कायद्याचा जो अर्थ लावला त्यावरच होता. म्हणून फेरसुनावणी नाकारली तिथे प्रक्रिया संपली आणि तिथून मुदत सुरू झाली. दुसरा मुद्दा व्यवहाराचा होता. खालच्या न्यायालयापासून मोजलं तर प्रत्येक कैदी राज्यातलं अपील चालू असतानाच दुसरीकडे दावा ठोकेल. एकाच वादावर दोन न्यायालयं एकाच वेळी बसतील, आणि राज्याच्या न्यायालयाला स्वतःची चूक दुरुस्त करायची संधीही उरणार नाही.

विरोधी मतंही नीट वाचा. न्यायमूर्ती थॉमस यांच्या मते हा दावा म्हणजे राज्याच्या न्यायालयाविरुद्धचं छुपं अपील होतं, म्हणून संघराज्याच्या जिल्हा न्यायालयाला तो ऐकायचा अधिकारच नव्हता. न्यायमूर्ती अलिटो यांनी, गॉर्सच यांच्यासह, मुदत एप्रिल २०१७ पासून मोजली: निकाल लागला, अर्थ स्पष्ट झाला, फेरसुनावणी मागणं ऐच्छिक होतं. तर्क म्हणून तो भक्कम आहे आणि मी तो हलका मानत नाही. पण ज्याचा अर्थ चुकला असं आपण म्हणतो त्याच न्यायालयाकडे 'पुन्हा एकदा पाहा' म्हणून जाणाऱ्या माणसाची मुदत त्या वाट पाहण्यात संपवायची, हे मला पटत नाही. सहा महिने तो अर्ज न्यायालयाकडेच पडून होता, कैद्याकडे नव्हे.

हे वाचून कुणी म्हणेल, बरं झालं, आता अगदी अखेरच्या नकारापासून दोन वर्षं आरामात मिळतात. तसं समजू नका. फेरसुनावणीचा अर्ज टेक्सासात निकालापासून १५ दिवसांत करावा लागतो. तो केलाच नाही, तर मोजणी थेट अपिलाच्या निकालापासून होणार हे धरून चाला. त्यानंतर वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात परवानगी मागत बसलात तर तो काळ वगळला जाईल असं गृहीत धरू नका. रीडच्या निकालात रेघ राज्यातली प्रक्रिया संपली तिथे ओढली आहे. काही वर्षांनी पुन्हा चाचणीचा अर्ज केला की मुदत आपोआप नव्याने सुरू होते, या भरवशावरही राहू नका. माझ्या वहीत प्रत्येक प्रकरणाला एकच तारीख लाल शाईने असते: राज्याच्या न्यायालयाच्या पहिल्या अपिली निकालानंतरची दोन वर्षं, वजा साठ दिवस. कायद्याने जास्त मिळत असेल तर मिळो, मी ती तारीख ओलांडत नाही.

ही सवय मला एका पोस्टकार्डामुळे लागली. न्यायालयाचा निर्णय वकिलाला पांढऱ्या पोस्टकार्डावर कळवला जात असे. माझ्याकडे आलेल्या एका कैद्याचं कार्ड त्याच्या आधीच्या वकिलाच्या जुन्या पत्त्यावर गेलं. कार्यालय हललं होतं, कार्ड तिथून नव्या जागी यायला वेळ गेला, आणि आल्यावर ते चुकीच्या फाइलला लागलं. मधल्या काळात कैद्याची दुसऱ्या तुरुंगात बदली झालेली. शेवटी त्यानेच न्यायालयाच्या क्लार्कला हाताने पत्र लिहून विचारलं, माझ्या अर्जाचं काय झालं? उत्तर आलं तेव्हा नकाराला सात महिने उलटून गेले होते. त्याने त्या उत्तराच्या दिवसापासून दोन वर्षं मोजली, मनाशी धीर धरला, एकेक कागद जमवला आणि आम्हाला लिहिलं. त्याचं पाकीट मी टेबलावर ठेवून हिशेब केला. हुकुमाच्या तारखेपासून मुदत एकोणीस दिवसांपूर्वी संपली होती. 'मला कळलंच नव्हतं' हा मुद्दा आम्ही मांडला. न्यायालय म्हणालं, वकिलाला कळवलं म्हणजे तुला कळवलं. ते पाकीट अजून माझ्या कपाटात आहे. त्याने तिकिटं सरळ रेषेत, मोजून लावली होती.

म्हणून कैद्यांच्या घरच्यांना मी पहिली गोष्ट सांगते: वकिलावर विसंबू नका, क्लार्कच्या कार्यालयात दर महिन्याला स्वतः विचारा. दुसरी गोष्ट टपालाची. कैदी स्वतःच, वकिलाविना कागद दाखल करत असेल, तर १९८८ च्या ह्यूस्टन विरुद्ध लॅक या निकालानुसार त्याने पाकीट तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या हाती दिलं तो दिवस दाखल केल्याचा मानतात. तो निकाल अपिलाच्या नोटिशीबद्दल होता, पण संघराज्याची न्यायालयं तोच नियम दाव्यालाही लावतात. त्या दिवसाचा पुरावा म्हणजे टपालखोलीची नोंदवही. पाकीट देताना तारीख लिहून घ्या, नोंदवहीत चढली का बघा. वकील असेल तर ही सवलत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते: मुदत असावीच का? मुदतीच्या कायद्याबद्दल मला आदर आहे. साक्षीदार विसरतात, मरतात, कागद हरवतात. वीस वर्षांनी कुणी उठून दावा लावला तर समोरच्याने काय दाखवायचं? आणि ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरालाही कधीतरी प्रकरण संपलं असं वाटायला हवं. हे मी कोर्टाच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसून पाहिलं आहे. पण ही कारणं डीएनएला लागू पडत नाहीत. साक्षीदाराची आठवण वर्षागणिक पुसट होते. नीट कोरड्या जागी ठेवलेला डाग मात्र तसाच राहतो आणि वाचणारं यंत्र वर्षागणिक सुधारतं. १९९६ मध्ये ज्या पट्ट्यावरून काहीच वाचता आलं नसतं, त्यावरून आज नुसत्या स्पर्शाने राहिलेल्या पेशीही वाचता येतात. उशीर झाला म्हणून पुरावा बिघडला, हा मुदतीमागचा मूळ विचार इथे बरोबर उलटा पडतो.

फ्लोरिडाने हे अनुभवातून शिकून घेतलं. तिथल्या २००१ च्या कायद्यात अर्जाला दोन वर्षांची मुदत होती. फ्रँक ली स्मिथ त्याआधीच, २००० च्या जानेवारीत, मृत्युदंडाच्या कोठडीत कर्करोगाने वारला. जिवंत असताना त्याने चाचणी मागितली होती, ती त्याच वर्षाच्या अखेरीस झाली आणि गुन्हा त्याचा नव्हता हे ठरलं. विल्टन डेजचं प्रकरण तर मुदतीच्या वादाचा धडाच आहे. केसाच्या डीएनए चाचणीने त्याला २००१ मध्येच वगळलं. पण ती चाचणी नवा कायदा येण्याआधी मिळवली होती, म्हणून सरकारी वकील प्रक्रियेच्या मुद्द्यांवर लढत राहिले. २००४ च्या ऑगस्टमध्ये तो सुटला, बावीस वर्षांनी. फ्लोरिडाने मुदत आधी वाढवली आणि २००६ मध्ये काढूनच टाकली. त्यामुळे न्यायालयं अर्जांखाली बुडून गेली असं काही झालं नाही. संघराज्याच्या २००४ च्या कायद्यानेही सरळ मुदत लावलेली नाही: शिक्षेपासून ३६ महिन्यांत अर्ज केला तर तो वेळेत आहे असं गृहीत धरायचं, नंतर आला तर उशिरा आहे असं गृहीत धरायचं, पण ते गृहीतक खोडता येतं. माझ्या मते ही रचना टेक्सासपेक्षा पुष्कळ शहाणपणाची आहे.

टेक्सासात मात्र मुदतीचा प्रश्न सुटला की दुसरा उभा राहतो. रूबेन गुटिएरेझची फाशी २०२४ च्या १६ जुलैला जेमतेम वीस मिनिटांवर असताना थांबली. त्यानेही डीएनए चाचणीसाठी असाच दावा लावला होता. त्याच्या बाबतीत फिफ्थ सर्किटचं म्हणणं होतं की निकाल काहीही लागला तरी सरकारी वकील पुरावा देणारच नाहीत, तेव्हा याला दावा लावायचा अधिकार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ जून २०२५ ला तेही अमान्य केलं. निकाल न्यायमूर्ती सोटोमायोर यांचा. एका पक्षाने 'मी हुकूम पाळणार नाही' असं सांगितलं म्हणून दुसऱ्याचा दावा बुडत नाही, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

आणि या सगळ्याखाली आणखी एक घड्याळ चालू असतं, त्याच्याबद्दल निकालपत्रांत फार कमी लिहिलेलं सापडतं: मुद्देमालाचं. रीडच्या अर्जात अनेक वस्तू फेटाळल्या गेल्या त्या साखळीच्या कारणावरून. खटल्याच्या वेळी वकिलांनी, कर्मचाऱ्यांनी त्या हातमोज्यांशिवाय हाताळल्या, नंतर एकत्र ठेवल्या. ठेवणारं सरकार, हाताळणारं न्यायालय, आणि पुरावा दूषित झाला म्हणून चाचणी नाही कुणाला, तर कैद्याला. मी इथल्या एका क्लार्कच्या तळघरात खोकं उघडलं होतं. रक्ताचे कपडे कागदी पिशवीत होते ते कोरडे, घडीसकट शाबूत. त्याच खोक्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला टॉवेल आतून काळा पडला होता. ओल कोंडली की जिवाणू वाढतात आणि डीएनए खाऊन टाकतात. दोन्ही वस्तू एकाच दिवशी, एकाच पोलिसाने जप्त केलेल्या.

तेव्हा मला साताऱ्याची मुद्देमालाची खोली आठवली. पांढऱ्या कापडात शिवलेली गाठोडी, त्यावर लाखेचं सील, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी, पावसाळ्यात भिंतीला आलेली ओल. निकालपत्राच्या शेवटच्या परिच्छेदातलं ते वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक फौजदारी वकिलाला पाठ असतं: 'मुद्देमाल क्षुल्लक किमतीचा असल्याने अपील मुदतीनंतर नष्ट करावा.' किंमत बाजारभावाने ठरते. रक्ताच्या बनियनची किंमत बाजारात शून्य. मी स्वतः सात वर्षांत त्या वाक्याला एकदाही हरकत घेतली नाही. शिक्षा किती झाली हे आशिलाला समजावून सांगण्यात मी गुंतलेली असायचे.

आपल्याकडे शिक्षेनंतर डीएनए चाचणी मागायचा कायदाच नाही, म्हणून त्याची मुदतही नाही. अपील प्रलंबित असताना वरचं न्यायालय जादा पुरावा घेऊ शकतं; पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३९१ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत ४३२ आहे. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं आपल्याकडचं उत्तर असं, की अपील जिवंत आहे तोवर घड्याळ चालू आहे. तुरुंगातून आलेल्या अपिलाचा विलंब उच्च न्यायालयं बहुधा माफ करतात, तेव्हा अपिलाची मुदत ही इथली खरी अडचण नाही. अपील निकाली निघाल्यावर चाचणी मागायची तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट, किंवा सर्वोच्च न्यायालयात पुनर्विलोकन, नाहीतर दयेच्या अर्जात उल्लेख; ठरलेली वाट एकही नाही. डीएनए तंत्रज्ञानाचं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं आणि २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं.

त्यात एक विसंगती मला फार खुपते. २०२२ च्या ओळख कायद्याखाली सरकार शिक्षा झालेल्याचे बोटांचे ठसे आणि जैविक नमुन्यांची नोंद ७५ वर्षं ठेवू शकतं. त्याच माणसाच्या खटल्यातलं गाठोडं मात्र अपील मुदत संपली की जाळता येतं. २०२५ च्या जुलैमध्ये तमिळनाडूतल्या एका मृत्युदंडाच्या प्रकरणात आरोपीला निर्दोष सोडताना सर्वोच्च न्यायालयाने डीएनए नमुन्यांबद्दल देशभरासाठी निर्देश दिले: नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवा, हातोहात नोंद ठेवा, नोंदवही सांभाळा. फार गरजेचे निर्देश आहेत. पण नोंदवही सांभाळायची ती शिक्षा किंवा सुटका होईपर्यंत. शिक्षा झाल्यानंतर काय, हे तिथेही मोकळंच राहिलं आहे.

म्हणून, तुम्ही उद्या वकिली सुरू कराल तेव्हा एक अर्ज आजच लिहून फाइलमध्ये ठेवा. निकालाच्या दिवशी, शिक्षेवर दोन शब्द बोलायला न्यायाधीश सांगतात तेव्हाच तो द्या, कारण त्यानंतर निकालपत्रावर सही होते आणि ते वाक्य त्यात बसलेलं असतं. अर्जाला अर्धं पान पुरतं. आरोपी उच्च न्यायालयात अपील करणार आहे. मुद्देमाल क्रमांक अमुक ते अमुक यांवर जैविक अंश असण्याची शक्यता आहे. आरोपी शिक्षा भोगत असेपर्यंत या वस्तू नष्ट करू नयेत, प्लास्टिकमधून काढून कागदी पाकिटात, कोरड्या जागी ठेवाव्यात, आणि त्या हलवताना दर वेळी नोंदवहीत तारीख, कारण आणि दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. अर्ज फेटाळला तर फेटाळल्याची नक्कल त्याच दिवशी मागा आणि अपिलाच्या पहिल्या पानावर त्याचा मुद्दा घ्या.